माश्यांमधली भेसळ

"मॅडम, ताबडतोब या. सगळ्या मेल्यात."

सकाळचे साडेनऊ वाजले होते. संस्थेच्या संचालकांचा आवाज फोनवर चिरकत होता.

"कोण मेल्यात?"

"माश्या."

"मग अभिनंदन," असं म्हणून भेसळबाईंनी फोन ठेवून दिला.

तो लगेच पुन्हा वाजला. या खेपेला संचालकांनी रीतसर सांगितलं. प्रयोगातल्या फळमाश्या रातोरात मेल्या होत्या. अकरा वाजता तज्ज्ञांची समिती त्या बघायला येणार होती, ती कशीबशी चारवर ढकलली होती. गुन्हेगारही सापडला होता : माश्यांचं अन्न शिजवणारी मावशी. तिला निलंबित केलं होतं, पाच वाजता कायमचं काढायचं होतं आणि त्या कागदावर चौकशी अधिकाऱ्याची सही हवी होती.

"गुन्हेगार सापडलाय, तर मी कशाला?"

"सहीला," संचालक म्हणाले. माणूस बावळट असला तरी खोटारडा नव्हता.

भेसळबाईंनी चोवीस वर्षं अन्नभेसळ खात्यात काढली होती. दुधातलं पाणी, मधातला पाक, लोण्यातली चरबी. ज्याच्या मालात खोट असते तोच दुकानदार सगळ्यात गोड बोलतो, एवढं शहाणपण त्या खात्यातून घेऊन त्या निवृत्त झाल्या. संस्थेच्या नियमात एक चौकशी अधिकारी लागतो, म्हणून त्यांना नेमलं होतं. त्यांनी चहा प्यावा, सही करावी आणि घरी जावं, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. त्या चहा प्यायच्या. सहीचं मात्र खरं नसायचं.

प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती. दाराबाहेर एक फ्रीझर घरघरत होता आणि त्याच्या वर भलंमोठं चित्र लावलेलं : पांढऱ्या केसांचे एक आजोबा दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढतायत, आणि खाली अक्षरं, 'पानातलं तारुण्य'. औषधाला अजून मंजुरी नव्हती, पण आजोबा केव्हाच वर पोचले होते.

प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे 'सर'. त्यांना दुसरं काही म्हटलेलं चालत नसे. भेसळबाई आत आल्या तेव्हा सर खिडकीशी पाठमोरे उभे होते आणि दुःखात असलेला मोठा माणूस कसा दिसतो, ते दाखवत होते.

"तुम्हाला विज्ञान कितपत समजतं?" त्यांनी वळून विचारलं.

"दुधात पाणी किती ते सांगते. पुढचं तुम्ही सांगा."

सरांनी सुस्कारा सोडला आणि खालच्या पायरीवर उतरल्यासारखं बोलायला लागले. "शरीर आतून गंजतं, मॅडम. झाडांच्या पानांत काही द्रव्यं असतात, अँटिऑक्सिडंट म्हणतात त्यांना. ती हा गंज रोखतात. आम्ही ती पानांतून काढली आणि माश्यांच्या अन्नात घातली."

"माश्याच का?"

"दोन-अडीच महिन्यांत त्यांचं अख्खं आयुष्य होतं. माणसावर करायला गेलो तर माझं होईल." हा विनोद त्यांनी पुष्कळदा केलेला असावा, कारण हसायची जागा त्यांनी मोकळी सोडली. भेसळबाईंनी ती तशीच राहू दिली.

प्रयोग सोपा होता. दोनशे माश्यांना साधं अन्न, दोनशेंना पानांचा अर्क घातलेलं. एकेका काचेच्या नळीत दहा माश्या, वर कापसाचा बोळा. साध्या अन्नावरची शेवटची माशी अठ्ठ्याहत्तराव्या दिवशी मेली. अर्कवाल्या त्र्याण्णवाव्या दिवशीही टुणटुणीत होत्या. नळी आपटली की त्या तळाशी पडत, आणि दहा सेकंदांत आठ सेंटीमीटरची रेघ ओलांडून वर जात. म्हाताऱ्या माश्या अशा चढत नाहीत. तळाशी बसून राहतात.

"आणि हे निलंबनाचं पत्र?"

सरांनी कागद हातभर लांब धरला, डोळे बारीक केले आणि भाषणासारखं वाचलं. "'सोमवारी शिजविलेल्या अन्नात बुरशीरोधक आम्लाचे प्रमाण सेविकेने निष्काळजीपणे वाढविल्यामुळे प्रयोगातील एकशे त्रेचाळीस फळमाश्या मृत्युमुखी पडल्या. हा केवळ माश्यांचा नव्हे, तर ज्ञानाचा मृत्यू आहे.'"

"मजकूर कुणाचा?"

"माझा. अथपासून इतिपर्यंत. इथे बाकी कुणाला धड दोन ओळी लिहिता येत नाहीत. माझ्या जावयाला तर नाहीच."

"केव्हा लिहिलात?"

"नऊला. बातमी कळल्या कळल्या." त्यांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

"डोळ्यांचा त्रास आहे?"

"मोतीबिंदू. ऑपरेशन पुढे ढकललंय. समितीपुढे पट्टी बांधून बसायचं का?"

भेसळबाईंनी पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं.

माश्या मोजायचं काम पीएचडी करणाऱ्या एका मुलीकडे होतं. चार वर्षं ती तेच करत होती, म्हणून सगळे तिला मोजणीताई म्हणत. तिचे डोळे रडून सुजले होते. पण बोलायला लागली तशी ती सावरली, कारण प्रश्न कामाचे होते.

"मोजतेस केव्हा?"

"सोमवारी आणि गुरुवारी. मेलेल्या चिमट्यानं काढते, जिवंत नव्या अन्नाच्या नळीत झटकते, वहीत लिहिते."

"सोमवारी किती जिवंत?"

"एकशे शेहेचाळीस." तिनं वही पुढे केली.

"आणि आज?"

"आज मोजायच्या होत्या. साडेआठला आले तर सगळ्या अन्नात चिकटून पडलेल्या. मी कपाटाला माझ्या लॉकरचं कुलूप घातलं आणि सरांना फोन केला."

कपाट म्हणजे काचेच्या दाराचा इन्क्युबेटर, आत कायम पंचवीस अंश. किल्ली तिच्या गळ्यात होती.

"कुलूप कशाला गं?"

"कुणी हात लावू नये म्हणून. सरांनी पण काचेतूनच पाहिलं. 'उघड' म्हणाले, मी म्हटलं, चौकशीचे लोक येईपर्यंत नको. खूप रागावले."

"काचेतून मोजता येतील का?"

"छे! अन्न आणि माश्या, नुसता लगदा झालाय."

भेसळबाईंना ही मुलगी आवडली. त्यांना माणसं क्वचितच आवडत.

"या सगळ्या नर माश्याच ना? वहीत तसं लिहिलंय."

"हो. माद्या घेतल्या की त्या अंडी घालतात, अळ्या होतात, अन्नाचा चिखल होतो. म्हणून पहिल्या दिवशी मी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक माशी पाहून फक्त नर घेतले. नुकत्या जन्मलेल्या फिकट माश्यांत नर-मादी ओळखणं फार अवघड असतं. दोन दिवस मान मोडली होती माझी."

कुलूप उघडलं. भेसळबाईंनी पहिली नळी उजेडात धरली. आंबूस वास होता, नेहमीचाच. ॲसिडचा भपकारा नव्हता. पण जेलीसारखं घट्ट असायला हवं ते अन्न काचेपासून सुटलं होतं, त्याला भोकं पडली होती आणि तळाशी चमचाभर पाणी साचलं होतं. कापसाचा बोळा ओला होता. वीसही नळ्यांची हीच गत. त्यांतल्या तीन नळ्यांमध्ये अन्नाचा वरचा थर नांगरल्यासारखा उकरलेला होता, आणि त्यात तांदळाच्या कणीहून बारीक पांढरं काहीतरी होतं. त्या तीन नळ्या त्यांनी बाजूला ठेवल्या.

"आता मोज," त्या म्हणाल्या. "मी समोर बसते."

तासभर चिमटा चालला.

"एकशे त्रेचाळीस," मोजणीताई म्हणाली. मग तिनं वही पाहिली आणि पुन्हा मोजल्या. "तीन कमी आहेत. असं होणारच नाही! मेलेली माशी मी काढेपर्यंत नळीतच राहते. तीन गेल्या कुठे?"

"लिहून ठेव. कुणाला सांगू नकोस."

मावशी जिन्याखालच्या बाकावर बसली होती. हातांवर चटक्यांचे जुने डाग. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि घट्ट व्हायला अगर, असं पातेलंभर अन्न ती सव्वीस वर्षं शिजवत आली होती. नोकरी गेली तर संस्थेच्या आवारातली खोलीही जाणार होती, आणि त्या खोलीत अंथरुणाला खिळलेली तिची बहीण होती.

"ॲसिड जास्त पडलं का, मावशी?"

"बाई, मी डोळे मिटून मापानं घालते. आणि पडलंच असतं जास्त, तर शेजारच्या खोलीतल्या का नाही मेल्या? पुढच्या कामासाठी पोसलेल्या साठ्याच्या माश्यांना त्याच पातेल्यातलं अन्न आहे. जाऊन बघा, नाचतायत नुसत्या."

"हे सरांना सांगितलं?"

"सांगत होते की! सर म्हणाले, 'तुला विज्ञान कळत नाही.'" तिनं नाक उडवलं. "कळत नसेल. पण एका पातेल्यातलं अन्न एका खोलीत विष आणि दुसऱ्या खोलीत अमृत, असं विज्ञान असतं का?"

"नसतं."

"आणि दीड महिना झाला, साठ्याच्या बाटल्या दुप्पट भरायला लावतात. एवढ्या कोवळ्या माश्या कुणाला लागतात देव जाणे. विचारलं तर म्हणे, वरून हुकूम आहे."

"वापरलेल्या नळ्या कोण धुतं?"

"मीच. सकाळी साडेनऊला मोरीत घेते, उकळत्या पाण्यात टाकते. आज नऊलाच पत्र हातात दिलं आणि खाली बसवलं. धुवायचं तसंच पडलंय सगळं."

भेसळबाई पहिल्यांदाच हसल्या. मावशीला वाटलं, आपलं काही चुकलं.

शेवटी जावईबापू. सरांच्या मुलीशी लग्न हीच त्यांची मुख्य पदवी, तिच्या जोरावर ते प्रयोगशाळेचे व्यवस्थापक झाले होते. अन्न कोमट झालं की त्यात पानांचा अर्क मिसळायचं काम त्यांचं. तेवढ्यावर ते शास्त्रज्ञ म्हणून मिरवत.

"मावशीच्या पातेल्यानंतर अन्नाला हात लावणारे तुम्ही एकटेच."

जावईबापूंची पाचावर धारण बसली. "मी... मी नेहमीचाच अर्क घातला! त्याच बाटलीतला!"

"काल संध्याकाळी कुठे होतात?"

"पाचलाच घरी गेलो. बायकोला विचारा, सासूबाईंना विचारा, मेहुण्यालाही विचारा. सगळे जेवायला जमलो होतो."

"सर पण?"

"सर नव्हते. त्यांना उशीर होतो. बुधवारी आणि रविवारी ते इथे एकटेच बसून चिंतन करतात."

"नर माशी आणि मादी माशी यांत फरक काय?"

जावईबापूंनी बराच वेळ छताकडे पाहिलं. "आकार," ते म्हणाले. आणि मग, "बहुधा."

भेसळबाईंनी त्यांना संशयितांतून वगळलं. भेसळ करायलाही मालाची थोडी ओळख लागते.

चार वाजता सगळे बैठकीच्या खोलीत जमले. समितीचे तीन तज्ज्ञ, संचालक, सर, जावईबापू, मोजणीताई. अगदी मागे, दाराजवळ, मावशी. तिला कुणी बसा म्हटलं नव्हतं.

"सही झाली का?" संचालकांनी हळूच विचारलं.

"आधी ऐका. पटलं तर करते." भेसळबाई उभ्या राहिल्या. "या माश्या अन्नानं मेल्या नाहीत. त्याच पातेल्यातलं अन्न खाऊन शेजारच्या खोलीत शेकडो माश्या जिवंत आहेत."

"पण अर्क..." एक तज्ज्ञ म्हणाले.

"अर्कानंही नाही. जेली गोठवून पुन्हा वितळवली की तिच्यातलं पाणी सुटतं आणि ती भोकाभोकांची होते. दुकानात वीज गेली की आइस्क्रीमवाले असला माल पुन्हा गोठवून विकतात, मी शेकडो वेळा पकडलेत. या वीसही नळ्यांत अन्नाला पाणी सुटलंय. काल संध्याकाळी कुणीतरी त्या बाहेरच्या फ्रीझरमध्ये ठेवल्या, माश्या मेल्यावर पुन्हा कपाटात आणून लावल्या."

"घातपात!" सर उभे राहिले. "मी म्हणत होतोच. माझ्या यशावर जळणारे..."

"बसा. तुमच्या यशाकडेच येतेय." त्यांनी तीन नळ्या टेबलावर ठेवल्या. "यात अळ्या आहेत. अंड्यांतून आलेल्या. वही म्हणते, प्रयोगात एकही मादी नाही. मग अंडी घातली कुणी? या मुलीनं दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली एकशे त्रेचाळीसही माश्या पाहिल्या. सहा माद्या निघाल्या. आणि बहुतेक नरांचे पंख कोरे करकरीत. त्र्याण्णव दिवसांच्या माशीचे पंख झिजून फाटलेले असतात, असं ती सांगते."

तज्ज्ञांतला सगळ्यात म्हातारा पुढे झुकला.

"शिळ्या मालात ताजा माल मिसळून टोपली भरलेली दाखवायची," भेसळबाई म्हणाल्या. "बाजारात ही सगळ्यात जुनी भेसळ. इथे माश्यांची केली. दर मोजणीच्या आदल्या दिवशी, रविवारी आणि बुधवारी, कुणीतरी मेलेल्या माश्या काढून साठ्यातल्या कोवळ्या माश्या भरत होतं. सगळ्या नाही, बहुतेक. अगदीच कुणी मेलं नाही तर शंका येईल ना. म्हणून साठ्याच्या बाटल्या दुप्पट लागत होत्या, आणि म्हणून तुमचे म्हातारे जिना चढत होते. मात्र नुकत्या जन्मलेल्या माश्यांत नर-मादी ओळखायला तयार हात लागतो आणि चांगली नजर लागते. या माणसाकडे दोन्ही नव्हतं. काल संध्याकाळी तो आला, तीन मेलेल्या माश्या काढल्या, आणि त्याला अळ्या दिसल्या. उद्या समिती येणार, नरांच्या नळीत पोरंबाळं बघणार. तीन नळ्या फेकल्या तर हिशेब जुळत नाही. त्यापेक्षा सगळ्याच मारल्या, अन्नावर खापर फोडलं, आणि सकाळी साडेनऊला मावशी नेहमीसारख्या नळ्या उकळत्या पाण्यात टाकेल, की अळ्यांसकट सगळं मिटलं."

"मग मिटलं का नाही?" संचालकांनी विचारलं.

"कारण त्याला मावशीला शिक्षा करायची घाई झाली. नऊलाच तिला खाली बसवलं. आणि मोरीत हात घालून नळ्या धुवायच्या असतात, हे इथल्या एकाही विद्वानाच्या डोक्यात आलं नाही. या मुलीनं कुलूप घातलं नसतं तरी नळ्या तशाच पडून राहिल्या असत्या, याची मी हमी देते."

जावईबापूंनी मान खाली घातली. सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"त्यांच्याकडे काय बघताय? त्यांना माशी आणि डास यांतला फरक कळला तरी पुष्कळ." भेसळबाईंनी पर्समधून पत्र काढलं. "वहीत सोमवारचा आकडा आहे एकशे शेहेचाळीस. आज दुपारी आम्ही मोजल्या, तेव्हा निघाल्या एकशे त्रेचाळीस. सोमवारपासून दुपारपर्यंत कुणी मोजल्या नव्हत्या, आज सकाळपासून कपाटाला कुलूप होतं, काचेतून मोजता येत नव्हत्या. मग सकाळी नऊ वाजता लिहिलेल्या या पत्रात एकशे त्रेचाळीस आकडा आला कुठून? तीन माश्या ज्यानं स्वतः उचलल्या, त्यालाच तो ठाऊक होता. 'सगळ्या माश्या' लिहिलं असतं तर मी हात चोळत घरी गेले असते. पण शास्त्रज्ञ माणूस! अंदाजे लिहिणं जिवावर आलं. सर, मजकूर अथपासून इतिपर्यंत तुमचाच ना?"

सर एकदम ओरडले, "फरक होता! पहिल्या दीड महिन्यात फरक होता! विचारा तिला!"

"होता," मोजणीताई हळूच म्हणाली. "पंचेचाळीसाव्या दिवशी साध्या अन्नावरच्या दहातल्या चार माश्या रेघ ओलांडत होत्या. अर्कवाल्या पाच."

"बघा!"

"दहात एक माशी जास्त," भेसळबाई म्हणाल्या. "तेवढं खरं होतं, आणि तेवढं सांगायची तुम्हाला लाज वाटली. म्हणून आजोबांना जिन्यावर चढवलंत, आणि स्वतःच्या चुकीपायी एका बाईला तिच्या खोलीतून काढायला निघालात. मी चोवीस वर्षं दूध पातळ करणारे पाहिले, सर. पकडलं की ते निदान पाया पडायचे." त्या मोजणीताईकडे वळल्या. "तुझे पहिले पंचेचाळीस दिवस जप. तेवढेच लिही."

म्हाताऱ्या तज्ज्ञानं आपली कागदपत्रं गोळा केली आणि सरांकडे न बघता खुर्ची मागे सारली. संचालकांनी घाईघाईनं निलंबनाचं पत्र फाडलं.

"मावशी, झालं गेलं विसरून जा," ते म्हणाले. "उद्यापासून कामाला या."

"उद्यापासून नाही. आजपासून. आजचा दिवस गैरहजेरीत लावू नका," मावशी म्हणाली.

"बरं, आजपासून. जा आता."

मावशी हलली नाही.

"सर," ती म्हणाली, "माझ्या हातचं खाऊन मेल्या, असं तुम्ही लिहिलंत. अख्ख्या संस्थेनं ते वाचलं. अन्न कसं होतं ते सांगा."

सरांनी संचालकांकडे पाहिलं. संचालकांनी खिडकीबाहेर.

"तपासणीत अन्नामध्ये काही आक्षेपार्ह..." सरांनी सुरुवात केली.

"तसं नाही. मला कळेल असं सांगा."

सरांनी पुन्हा चष्मा पुसला.

"चांगलं होतं," सर पुटपुटले.

मावशी पुढे आली, टेबलाच्या टोकाची खुर्ची तिनं ओढून घेतली आणि तिच्यावर नीट बसली.

"मोठ्यानं म्हणा," ती म्हणाली. "या समितीच्या साहेबांना ऐकू आलं नाही."